पुढे कोणी उभे राहावे?

शुक्रवार, दि. १८ मार्च २००५ रोजी न्यूयॉर्क शहरात एका स्त्रीने जुम्म्याचा नमाज पढविला. त्या अमिना वदूद. व्हर्जिनिया राज्यातील एका विद्यापीठात इस्लामच्या प्राध्यापिका, आणि कुरआनातील स्त्रीविचारावरील एका बहुचर्चित ग्रंथाच्या लेखिका. त्यांनी प्रथम खुतबा दिला, म्हणजे नमाजापूर्वीचे प्रवचन केले, आणि मग शंभरावर स्त्री-पुरुषांच्या पुढे उभ्या राहिल्या. अजान देणारीही स्त्रीच होती. शहरातील मशिदींनी या कार्यक्रमाला जागा नाकारली होती. एका चित्रदालनाने ती देऊ केली, पण धमकी येताच माघार घेतली. अखेर सेंट जॉन द डिव्हाइन या ख्रिस्ती कॅथीड्रलच्या आवारातील सभागृहात, बाहेर निदर्शने चालू असताना, तो नमाज पार पडला.

त्या दिवसांत आम्ही भोपाळला नोकरीवर होतो. आमच्या खात्यात आमच्याहून वरिष्ठ अशा एक मुस्लिम बाई होत्या. काटेकोर, मितभाषी, आणि टिपणीतील एक अनावश्यक शब्दही सहन न करणाऱ्या. शुक्रवारी दुपारी खात्यातील मुस्लिम कारकून व शिपाई मशिदीत जात. बाई आपल्या खोलीचे दार लोटून कपाटाशेजारी जानमाज पसरीत. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून आम्ही काहीशा उत्साहाने त्यांच्याकडे विषय काढला. आपल्या पुरोगामीपणाची पावती मिळेल असे मनात असावे. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या म्हणाल्या, ‘‘त्या प्राध्यापक बाईंनी केले ते मला रुचले नाही. मला पुढे उभे राहायचे नाही. पण मशिदीत मला जागा मात्र हवी. या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत करू नका.’’

ती गल्लत आम्ही केली होती खरी. पुढे अनेक वर्षे, निवृत्तीनंतर इंदूरला परतल्यावरही, ते वाक्य आमच्या मनात राहिले. परधर्मातील उपासनेविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे वाचक विचारतील तर तो रास्तच प्रश्न होईल. निर्णय देण्याचा अधिकार आम्हाला नाहीच. परंतु या वादात मनुष्यमात्राला लागू पडणारा एक नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणे आम्हाला आमच्याच घरात चुकविता आले नाही, म्हणून हे धाडस.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की इस्लाममधील इमाम हा आपल्या उपाध्यायासारखा नव्हे. तेथे पौरोहित्याची दीक्षा नाही, जन्मसिद्ध अधिकारी वर्गही नाही. जमात, म्हणजे सामूहिक नमाज, उभी राहते तेव्हा कोणीतरी एक पुढे होतो, त्याच्यामागे इतर जण रांगेने, खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि त्याच्या हालचालींबरोबर वाकतात व माथा टेकतात. पुढे कोणी व्हावे याविषयी सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात क्रम सांगितला आहे: ज्याला कुरआन सर्वाधिक येते त्याने. कुळ, संपत्ती यांपैकी कशाचाही तेथे उल्लेख नाही. तत्त्वतः इमाम हा केवळ पुढच्या रांगेतील एक उपासक. त्याचे तोंडही इतरांप्रमाणेच किब्ल्याकडे असते. जमातीकडे त्याची पाठ असते.

मग स्त्रीला कुरआन सर्वाधिक येत असेल तर? येथून वाद सुरू होतो.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला एक खोड लागली आहे. ‘ही प्रथा पूर्वीपासून आहे’ असे कोणी म्हटले की आम्ही मूळ आदेश पाहायला मागतो. या प्रकरणातील मूळ कागदांत सर्वांत लक्षणीय आहे तो उम्म वरका या स्त्रीचा वृत्तान्त. तो अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. उम्म वरका या मदिनेतील, कुरआन जाणणाऱ्या. बद्रच्या लढाईच्या वेळी जखमींच्या शुश्रूषेसाठी येऊ द्यावे, अशी विनंती त्यांनी पैगंबरांना केली होती. पैगंबर त्यांच्या घरी भेटीस जात. त्यांनी उम्म वरकांसाठी एक मुअज्जिन, म्हणजे अजान देणारा, नेमून दिला, आणि त्यांच्या ‘दार’मधील लोकांचा नमाज पढविण्यास त्यांना सांगितले. तो मुअज्जिन आपण पाहिला होता, तो वृद्ध पुरुष होता, असे निवेदक नमूद करतो.

सारा वाद ‘दार’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. दार म्हणजे घर, वाडा की वस्ती? घर म्हटले तरी त्यात तो वृद्ध मुअज्जिन मागे उभा राहत होता की अजान देऊन अन्यत्र जात होता? दारकुत्नी यांच्या संग्रहातील पाठात ‘तिच्या स्त्रियांचा नमाज’ असे शब्द आहेत, म्हणजे प्रश्न मिटला, असे एक पक्ष म्हणतो. तो पाठ मागाहूनचा अर्थ आहे, असे दुसरा म्हणतो. एकाच आदेशाचे दोन अर्थ लावून दोन कार्यालये परस्परविरुद्ध कारभार करतात, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

पैगंबरांच्या पत्नी आयेशा आणि उम्म सलमा यांनी स्त्रियांच्या जमातीचा नमाज पढविल्याचे वृत्तान्तही आहेत. मात्र त्या पुढे न राहता स्त्रियांच्या रांगेतच मध्यभागी उभ्या राहत. यावरून शाफई व हंबली पंथांनी स्त्रीने स्त्रियांचा नमाज पढविणे मान्य केले. हनफी पंथाने ते अप्रिय मानले, पण नमाज अवैध ठरविला नाही. मालिकी पंथाने मुळीच मान्य केले नाही. पुरुषांपुढे स्त्रीने उभे राहण्यास चारही पंथांचा सर्वसाधारण कौल विरुद्ध आहे. तरीही अबू सौर आणि इतिहासकार म्हणून विख्यात असलेले तबरी, या दोन प्राचीन पंडितांनी त्यास अनुमती दिल्याचे नोंदले गेले आहे. सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांचेही मत अनुकूल होते. ‘स्त्रीने पुरुषाचे इमामपण करू नये’ असे स्पष्ट सांगणारे एक वचन इब्न माजा यांच्या संग्रहात आहे खरे, पण हदीसशास्त्राचे जाणकारच त्याची परंपरा दुबळी मानतात.

म्हणजे मूळ कागद निर्विवाद नाहीत. बहुमत एका बाजूस आहे आणि ते फार मोठे आहे, हेही तितकेच खरे.

आता त्या बहुमताची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. दुबळे करून घेतलेल्या प्रतिपक्षाला हरविण्यात पुरुषार्थ नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की उपासनेचे रूप तर्काने ठरत नाही. नमाजात इतके वेळा वाकायचे व इतके वेळा माथा टेकायचा, हे का, असे कोणी विचारीत नाही. ते जसे मिळाले तसे पाळायचे. दुसरे म्हणणे मर्यादेचे. नमाजात शरीर वाकते, जमिनीवर टेकते. पुरुषांच्या डोळ्यांसमोर स्त्रीने तसे करणे दोघांच्याही एकाग्रतेला बाधक. तिसरे असे की जमातीची सक्ती पुरुषावर आहे, स्त्रीवर नाही. ही तिला दिलेली सवलत आहे, तिचा अवमान नव्हे. आणि चौथे म्हणणे काही मुस्लिम स्त्रियांचेच आहे. अमेरिकेतील लेखिका यास्मिन मोगाहेद यांनी २००५ च्या त्या नमाजानंतर लिहिलेल्या लेखाचा आशय असा, की पुरुष जे करतो तेच श्रेष्ठ असे गृहीत धरून स्त्रीने त्यामागे धावावे, यात स्त्रीचा गौरव कोठे राहिला? ईश्वराने स्त्रीला जे दिले आहे ते पुरुषाच्या मापाने का मोजावे?

हा चौथा मुद्दा आम्हाला बराच काळ निरुत्तर करीत असे. आमच्या वरिष्ठ बाईंचे म्हणणे थोड्याफार फरकाने हेच होते.

वदूद यांची विचारसरणी याच्या मुळाशीच जाते. इस्लामचा पाया तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व. ईश्वर सर्वांच्या वर आणि त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही, असे मानले, तर त्याच्याखालची सगळी माणसे एकाच पातळीवर येतात. पुरुष कायमचा स्त्रीच्या वर आहे असे म्हणणे म्हणजे ईश्वर आणि स्त्री यांच्या मधे पुरुषाला आणून बसविणे. आणि ईश्वराच्या जागेत कोणाला सहभागी करणे हे तर इस्लाममध्ये सर्वांत मोठे पातक. म्हणून, त्या म्हणतात, समता हे बाहेरून आणलेले कलम नव्हे, ते त्या श्रद्धेच्या मुळातूनच फुटते.

दोन्ही बाजू वाचल्यावर आमच्या मनाला एक विसंगती खटकू लागली. इमाम होणे हा मान नाही, ती केवळ एक सेवा आहे, असे शास्त्र सांगते. तसे असेल तर स्त्रीने ती केली म्हणून इतका क्षोभ का व्हावा? आणि तो मान असेल, तर तो न मिळण्यात अवमान नाही असे कसे म्हणता येईल? या दोहोंपैकी एक काहीतरी सोडावे लागेल. मर्यादेच्या मुद्द्याचेही तसेच. मागे उभ्या असलेल्या पुरुषाचे चित्त ढळते, हा दोष त्याचा. त्याचे प्रायश्चित्त पुढे उभे राहू शकणाऱ्या स्त्रीने आयुष्यभर घ्यावे, हा न्याय कोणत्याही कचेरीत टिकणार नाही.

राहिला प्रश्न रूपाचा: उपासना जशी मिळाली तशीच करावी. हा मुद्दा आम्हाला सर्वांत आदरणीय वाटतो. परंतु तो खरा असेल तर तो दोन्हीकडे सारखा लागू व्हायला हवा. ‘ईश्वराच्या दासींना ईश्वराच्या मशिदींपासून अडवू नका’ या आशयाचे वचन बुखारी व मुस्लिम या दोन्ही सर्वमान्य संग्रहांत आहे. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया नमाजाला येत, त्यांच्या रांगा पुरुषांच्या मागे असत, याविषयी कोणाचेच दुमत नाही. तरीही आपल्या उपखंडातील बहुसंख्य मशिदींत स्त्रियांना जागाच नसते. पुण्यातील एका दांपत्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मधील प्रतिज्ञापत्रात सांगितले, की मशिदीत नमाजास येण्याची स्त्रीला मुभा आहे, मात्र जमातीत सामील होणे तिच्यावर बंधनकारक नाही. मुभा होतीच, जागा नव्हती. वचन संदिग्ध होते तेथे वहिवाटीने स्त्रीच्या विरुद्ध कौल दिला हे समजू शकते. पण वचन स्पष्ट होते तेथेही वहिवाटीने तेच केले. मग हे सगळे शास्त्र करते आहे असे कसे म्हणावे? निर्णय घेणारी वहिवाटच, आणि वहिवाट ठरविणारे आधीपासून पुढे उभे असलेले.

आमच्या बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी येथे आमच्या मनात पुन्हा जवळ आल्या. पुढे उभे राहणे आणि आत जागा मिळणे हे प्रश्न वेगळे खरेच. पण दोन्ही ठिकाणी ‘नाही’ म्हणणारा एकच आहे.

भोपाळमध्ये राहिलेल्या माणसाला ही गोष्ट आणखी एका कारणाने जाणवते. १८१९ पासून १९२६ पर्यंत, अल्पसा काळ वगळता, त्या संस्थानाचा कारभार चार बेगमांनी पाहिला: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. आम्ही इंदूरकर अहिल्याबाईंच्या गादीचा अभिमान सांगतो. भोपाळकरांजवळ अशा चार पिढ्या आहेत. कुदसिया बेगमांनी जामा मशीद बांधली, सिकंदर बेगमांनी मोती मशीद. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला जाऊन आल्या. शाहजहान बेगमांनी ताजुल मसाजिद या विशाल मशिदीचे काम आरंभिले आणि तीत स्त्रियांच्या नमाजासाठी जाळीआडची जागाही योजली. निधीअभावी थांबलेले ते काम १९८५ मध्ये पूर्ण झाले. सुलतानजहान बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या. या स्त्रियांनी फौज सांभाळली, न्याय दिला, इमामांचे वेतन ठरविले. पण ज्याचे वेतन ठरवायचे त्याच्या जागी उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. येमेनमध्ये अकराव्या-बाराव्या शतकांत राणी अरवाच्या नावाने मशिदीतून खुतबा वाचला जाई. तो वाचणारा मात्र पुरुषच असे. राज्य चालविण्याइतका विश्वास स्त्रीवर टाकता येतो, काही मिनिटांच्या नमाजापुरता टाकता येत नाही, हे कोडे आम्हाला आजही सुटलेले नाही.

दरम्यान जग आपल्या गतीने चालले आहे. चीनच्या हेनान प्रांतात हुई मुस्लिमांच्या, केवळ स्त्रियांसाठी असलेल्या मशिदी पूर्वीपासून आहेत. कायफेंग शहरातील अशी एक मशीद १८२० ची मानली जाते. तेथे स्त्री-अहोंग, म्हणजे धर्मशिक्षिका, स्त्रियांना शिकवितात व त्यांचा नमाज पढवितात. कोपनहेगनमध्ये २०१६ मध्ये स्त्री-इमामांची मशीद सुरू झाली. तेथे शुक्रवारचा नमाज स्त्रियांपुरता असतो. बर्लिनमध्ये जून २०१७ मध्ये सेरान आतेश यांनी स्त्री-पुरुष एकत्र नमाज पढतील अशी मशीद काढली. तिलाही जागा मिळाली ती एका चर्चच्या वास्तूत, आणि आतेश यांना पोलीस संरक्षणात वावरावे लागले. आपल्या देशात दि. २६ जानेवारी २०१८ रोजी, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, कुरआन सुन्नत सोसायटीच्या जामिदा यांनी पुरुषांसह जमलेल्या जमातीचा जुम्म्याचा नमाज पढविला. त्यांनाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. यांपैकी काय योग्य आणि काय नाही, हे त्या श्रद्धेने जगणाऱ्यांनीच ठरवायचे आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की धमकी हा कोणत्याही शास्त्रार्थातील मुद्दा होऊ शकत नाही.

येथवर लिहून थांबता आले असते. परंतु दुसऱ्याच्या मशिदीचा दरवाजा कोठवर उघडा आहे हे मोजणाऱ्याने आपल्या देवघराचा उंबरा पाहू नये, हे बरे नव्हे.

हदीसमध्ये एक बारीक नियम आहे. नमाज चालू असताना इमामाची चूक झाली, तर मागच्या पुरुषाने ‘सुभानल्लाह’ म्हणून ती लक्षात आणून द्यावी. स्त्रीने मात्र शब्द न उच्चारता हातावर हात वाजवावा. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटवून कितीतरी वेळ बसून राहिलो. इंदूरच्या आमच्या जुन्या घरात वडील आम्हा भावंडांपैकी मुलांना तेवढी संथा देत. आमच्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का शेजारच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत असे. आम्हाला अथर्वशीर्ष येण्यापूर्वीच ते तिला येत होते, तेही अस्खलित. आमची मुंज झाल्यावर गणेशचतुर्थीला वडिलांशेजारी पाटावर बसून ते म्हणण्याचा मान आमच्याकडे आला. वय आठ. मधेच अडखळलो की स्वयंपाकघराच्या चौकटीवर लाटणे दोनदा वाजे. आम्ही थांबत असू, आठवून चूक सुधारीत असू. वडील डोळे मिटून बसलेले असत. त्यांना ते ऐकू येत नसे असे नाही. पाहुणे जाताना आमच्या पाठीवर हात ठेवून ‘काय शुद्ध वाणी आहे’ म्हणत. लाटण्याविषयी कोणी काही म्हटल्याचे आम्हाला स्मरत नाही.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्री-पुरोहित तयार केल्याला आता कित्येक वर्षे झाली. आमच्या नातीचे बारसेही एका पुरोहित बाईंनीच केले. ज्यांना हे पटत नाही ते येत नाहीत. ज्यांना पटते ते दक्षिणा देऊन जेवून जातात. आभाळ कोसळले नाही. हे पाहून गेल्या वर्षी, गणपतीच्या दोन दिवस आधी, आम्ही अक्काकडे गेलो आणि म्हटले, ‘‘अक्का, या वर्षी पाटावर तू बस. अथर्वशीर्ष तू म्हण.’’

ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आता आवाज राहिला नाही रे. मुलांना म्हणू दे.’’ मग थोड्या वेळाने विचारले, ‘‘तुला ठाऊक होतं ना, मला तुझ्याआधी येत होतं ते?’’

‘‘होतं.’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललास?’’

आठ वर्षांचा मुलगा काय बोलणार, असे उत्तर ओठांवर आले होते. पण आम्ही नेहमीच आठ वर्षांचे नव्हतो. पुढे वीसचे झालो, चाळीसचे झालो, हाताखालच्या माणसांना समतेची परिपत्रके पाठवू लागलो. आणि दर चतुर्थीला त्याच पाटावर बसत राहिलो. म्हणून ते उत्तर आम्ही दिले नाही. तिच्या समोर बसून उरलेली भाजी निवडू लागलो.